ओझ्याची वाटणी

शास्त्रपाठ : निर्गम १८:१-२७
साहाय्यक वाचन : निर्गम १६:४-३०; निर्गम १७:८-१३; लूक १०:३८-४२; गलती ६:२-५



पहाटे उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत कामे संपत नाहीत, ही तक्रार आज बहुतेक ख्रिस्ती घरांतून ऐकू येते. नोकरी, मुलांच्या शाळा, वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी, घराचे हप्ते, मंडळीतील जबाबदाऱ्या आणि या सर्वांच्या जोडीला दर घटकेला वाजणारा मोबाइल. नोकरीनिमित्त बंगळुरू, हैदराबाद किंवा दिल्लीसारख्या ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची अवस्था तर आणखी बिकट असते, कारण तेथे वेळप्रसंगी धावून येणारी मावशी नसते की शेजारच्या गल्लीत काका नसतात. परिणामी झोप उडते, जिभेवरचा ताबा सुटतो आणि प्रार्थनेला बसले तरी मन उद्याच्या कामांच्या यादीत फिरत राहते.

या अवस्थेला आपण 'ताण' म्हणतो. हा शब्द बोलका आहे. ताणली जाते ती दोरी. लूक १०:४० मध्ये मार्थेच्या मनःस्थितीसाठी जे ग्रीक क्रियापद आले आहे, 'पेरिस्पाओ', त्याचाही मूळ अर्थ चहूकडून ओढले जाणे असाच आहे. म्हणजे आपला आजचा शब्द आणि लूकचा शब्द एकाच अनुभवाकडे बोट दाखवतात.

अशा वेळी आपण दोन टोके गाठतो. कोणी म्हणतो, "विश्वास कमी पडतो, अधिक प्रार्थना करा." कोणी म्हणतो, "वेळापत्रक करा, सगळे सुरळीत होईल." निर्गमाचा अठरावा अध्याय या दोहोंपेक्षा खोल जातो. मोशेचा विश्वास कमी नव्हता आणि तो आळशीही नव्हता. तरीही त्याच्या कामाची रीत त्याला झिजवत होती. ती कशी, आणि देवाने त्यावर कोणती वाट दाखवली, हे आपण क्रमाने पाहू.

१. "बरे नव्हे" असे सांगणारा मनुष्य

अध्यायाचा आरंभ न्यायदानाच्या गर्दीने होत नाही, कुटुंबाच्या भेटीने होतो. मोशेने आपली पत्नी सिप्पोरा हिला माहेरी पाठवले होते. मिद्यानाचा याजक इथ्रो तिला आणि गेर्षोम व अलियेजर या दोन्ही मुलांना घेऊन रानात, देवाच्या पर्वतापाशी येतो (वचने १-६). मोशे त्याला सामोरा जातो, नमन करतो, त्याचे चुंबन घेतो आणि दोघे एकमेकांचे कुशल विचारतात. येथे 'कुशल' या अर्थी मूळ हिब्रू शब्द 'शालोम' असा आहे. तो ध्यानात ठेवावा, अध्यायाच्या शेवटी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

भेट झाली, देवासमोर भोजन झाले. आणि दुसऱ्याच दिवशी? दुसऱ्या दिवशी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करीत बसला आणि लोक त्याच्याभोवती उभे राहिले (वचन १३). ज्याची बायकामुले कालच परत आली तो गृहस्थ दिवसभर इतरांचे तंटे सोडवीत आहे! शास्त्र त्याला दोष देत नाही, परंतु हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून ते आपल्याला विचार करायला लावते.

इथ्रोची पद्धतही पाहण्याजोगी आहे. तो प्रथम पाहतो, मग प्रश्न विचारतो, मोशेचे उत्तर ऐकून घेतो आणि त्यानंतरच सल्ला देतो. मोशेचे उत्तर आपल्या परिचयाचे आहे : लोक माझ्याकडे येतात. "मी नाही केले तर कोण करणार?" असे म्हणणाऱ्या प्रत्येक आईचे, प्रत्येक पाळकाचे, प्रत्येक सेक्रेटरीचे हेच उत्तर असते. आणि ते खोटेही नसते. लोक खरोखरच येतात.

तरीही इथ्रो स्पष्ट सांगतो की ही रीत बरी नव्हे. हिब्रूत शब्द आहेत 'लो तोव'. हेच शब्द आपल्याला उत्पत्ती २:१८ मध्ये, आदामाच्या संदर्भात, देवाच्या तोंडी आढळतात. एदेन बागेत अजून पाप शिरलेले नव्हते, तरी तेथे एक गोष्ट बरी नव्हती आणि ती म्हणजे मनुष्याचे एकटे असणे. येथेही इथ्रो 'एकटा' हा शब्द दोनदा वापरतो (वचने १४ व १८). दोन्ही ठिकाणी रोग एकच आहे. मोशेचे काम वाईट नव्हते, ते तो एकटा करीत होता हे वाईट होते.

२. जड झालेले हात, सुकणारे पान

अठराव्या वचनात इथ्रो दोन चित्रे उभी करतो. पहिले चित्र झाडाच्या पानाचे आहे. 'नाबोल तिब्बोल' या शब्दांचा आशय 'तू झिजून जाशील' असा सांगता येतो, परंतु या धातूचा मूळ अर्थ कोमेजणे, सुकून गळणे असा आहे. पहिल्या स्तोत्रात प्रवाहाजवळच्या झाडाचे पान कोमेजत नाही असे म्हटले आहे, तेथे हाच धातू आहे. पान एका क्षणात सुकत नाही. आधी कडा वळतात, मग रंग उतरतो आणि झाडाखाली उभ्या असलेल्याला ते गळेपर्यंत कळतही नाही. अतिश्रमाने होणारी मनाची झीज अशीच असते. शिवाय इथ्रो म्हणतो की तूही कोमेजशील आणि हे लोकही. एकट्याने भार वाहणारा स्वतः तर सुकतोच, परंतु रांगेत ताटकळणारेही त्याच्यासोबत सुकतात.

दुसरे चित्र वजनाचे आहे. हे काम तुला 'कावेद' म्हणजे जड आहे, असे इथ्रो म्हणतो. हा शब्द एकच अध्याय आधी येऊन गेला आहे. रफीदीम येथे अमालेकाशी युद्ध चालू असताना मोशेचे वर उचललेले हात जड झाले (१७:१२). तेव्हा अहरोन व हूर यांनी त्याला बसायला धोंडा दिला, एकाने एका बाजूने आणि दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने हात धरले आणि ते सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले. आता अठराव्या अध्यायात मोशे पुन्हा संध्याकाळपर्यंत बसला आहे, भार पुन्हा जड आहे, परंतु शेजारी कोणी नाही. संकटाच्या वेळी मदत घेणारा मोशे नेहमीच्या कामात ती घेत नव्हता. आपणही इस्पितळात, अंत्यविधीत इतरांचा आधार घेतो, परंतु रोजच्या चुलीचे, हिशेबाचे, अभ्यासाचे ओझे एकट्याचेच समजतो. ताण मात्र बहुधा या रोजच्या ओझ्यातूनच साठत जातो.

३. मोठे कोणते, लहान कोणते?

इथ्रोचा पहिला उपाय निवड करण्याचा आहे. लोकांची बाजू देवापुढे मांडणे आणि त्यांना देवाचे नियम व चालण्याचा मार्ग शिकवणे, ही कामे मोशेने स्वतःकडे ठेवावीत (वचने १९-२०). मोठी प्रकरणे त्याच्याकडे यावीत, लहान इतरांनी निकालात काढावीत (वचन २२). आजवर रांगेत सर्व प्रकरणे सारखीच होती. जो आधी आला तो आधी. मोठ्या अन्यायाची दाद मागणारा आणि क्षुल्लक कुरबूर घेऊन आलेला, दोघेही एकाच उन्हात उभे.

आपल्या मनातही अशीच रांग लागलेली असते. विजेचे बिल, मुलीचा अबोला, संपलेली साखर, वडिलांची वाढलेली शुगर आणि रविवारच्या कार्यक्रमाचे निमंत्रण, सर्व एकाच आवाजात हाका मारतात. म्हणून पहिली पायरी अगदी साधी आहे : ही रांग डोक्यातून काढून कागदावर उतरवावी. घरात एकच वही असावी. दहा चिठ्ठ्या आणि मोबाइलमधील वीस आठवणी नकोत. तीत रात्री पाच-दहा मिनिटे बसून उद्याची कामे लिहावीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील संशोधकांनी ५७ तरुण व्यक्तींची झोप प्रयोगशाळेत तपासली. ज्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहिली त्यांना, पूर्ण झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. अभ्यास लहान होता, परंतु अनुभवाशी जुळणारा आहे. कागदावर ठेवलेले काम उशाशी घेऊन झोपावे लागत नाही.

लिहून झाल्यावर प्रत्येक कामापुढे दोन प्रश्न विचारावेत. हे खरोखर मोठे आहे काय? आणि हे मीच केले पाहिजे काय? मुलीचा अबोला मोठा आहे आणि तो आईबापांनीच सोडवला पाहिजे. साखर कोणीही आणू शकतो. पुष्कळदा आपण साखर आणण्यात दिवस घालवतो आणि अबोला 'वेळ मिळाल्यावर' पाहू म्हणतो.

याच वर्गातले आणखी एक काम म्हणजे वस्तूंना जागा देणे. किल्ल्या, चष्मा, आधार कार्ड, बँकेची पुस्तके, बाप्तिस्म्याचा दाखला, औषधांच्या चिठ्ठ्या यांना एक ठरलेली जागा असावी आणि ती घरातील सर्वांना ठाऊक असावी. जी जागा एकट्या आईलाच माहीत असते ती जागा नव्हे. तो आईवर टाकलेला आणखी एक भार होय.

४. हातभार

दुसरा उपाय वाटणीचा आहे. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमावीत, आणि ती कर्तबगार, देवाला भिणारी, सत्यनिष्ठ व लाचेचा तिटकारा असणारी असावीत (वचन २१). दहांच्या गटाला अधिकारी नेमण्याइतका बारकाईने विचार येथे आहे! मोठी जबाबदारी पेलणारे थोडे असतात, परंतु दहा माणसांची काळजी घेऊ शकणारे प्रत्येक वस्तीत आणि प्रत्येक मंडळीत सापडतात.

बाविसाव्या वचनात इथ्रो म्हणतो की ही माणसे तुझ्याबरोबर भार वाहतील. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात येथे एक लांबलचक क्रियापद आहे, 'सुनान्तिलाम्बानोमाइ'. त्याचे तुकडे पाडले तर अर्थ होतो : सोबत, समोरच्या बाजूने, हात घालून धरणे. जड पेटी एकाला उचलत नाही, तेव्हा दुसरा पलीकडची कडी धरतो, तसे. मराठीत यासाठी तयार शब्द आहे : हातभार लावणे.

हेच क्रियापद नव्या करारात दोन ठिकाणी येते. एकदा मार्थेच्या तोंडी, ती प्रभूला म्हणते की माझ्या बहिणीला मला हातभार लावायला सांग (लूक १०:४०). दुसऱ्यांदा रोम ८:२६ मध्ये, जेथे पवित्र आत्मा आपल्या अशक्तपणात आपल्याला हातभार लावतो असे पौल लिहितो. म्हणून मार्थेने मदत मागितली यात तिचे चुकले, असा निष्कर्ष आपण घाईने काढू नये. प्रभूने बोट ठेवले ते तिच्या अनेक गोष्टींच्या काळजीवर आणि धडपडीवर. मदत मागणे हे अविश्वासाचे लक्षण असते, तर तोच शब्द आत्म्याच्या कार्याला लावला गेला नसता.

गलतीकरांस पत्रातील दोन वचने काहींना परस्परविरोधी वाटतात. एकमेकांची ओझी वाहा (६:२) आणि प्रत्येकाने आपले ओझे वाहावे (६:५). मूळ शब्द मात्र वेगळे आहेत. पहिल्या ठिकाणी 'बारोस', म्हणजे दडपून टाकणारा भार. दुसऱ्या ठिकाणी 'फोर्तिओन', म्हणजे ज्याने त्याने वाहायचा ठरलेला बोजा. मत्तय ११:३० मध्ये प्रभू आपले ओझे हलके आहे असे म्हणतो, तेथेही हा दुसराच शब्द आहे. घरातील वाटणी या भेदावर उभी राहू शकते. आपले ताट उचलणे, आपले दप्तर भरणे, आपला अंथरूणपांघरूण आवरणे हा ज्याचा त्याचा बोजा. आजारी सासूबाईंची शुश्रूषा हा भार, आणि तो एका सुनेच्या खांद्यावर टाकून बाकीच्यांनी तिचे कौतुक करणे म्हणजे नियमशास्त्र पूर्ण करणे नव्हे.

रविवारची सकाळ डोळ्यांपुढे आणा. घरातील एकच व्यक्ती पाच वाजता उठते, सर्वांचे कपडे, नाश्ता, दुपारचा स्वयंपाक उरकते आणि उपासनेला पोचते ती थकून व चिडून. शनिवारी संध्याकाळीच कपडे काढून ठेवणे मुलांकडे, नाश्ता वडिलांकडे आणि भाजी चिरणे सर्वांकडे दिले तर काय बिघडेल? उपासनेच्या दिवशी उपासना करण्याची मोकळीक सर्वांनाच हवी.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातही याचे मोठे उदाहरण आहे. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी केडगाव येथे मुक्तिसदन चालवले. दुष्काळांच्या काळात तेथे शेकडो निराधार स्त्रिया व मुली आल्या. शेती, विणकाम, स्वयंपाक, शाळा, आजाऱ्यांची सेवा असा तो मोठा संसार होता. याच काळात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि ते मुक्तिसदनाच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून छापले गेले. प्रत्येक कोठाराची किल्ली स्वतःच्या कमरेला बांधून कोणालाही हे साधले नसते. आश्रयाला आलेल्या स्त्रियाच कामाच्या वाटेकरी झाल्या आणि त्यातून त्यांनाही मान मिळाला. वाटणीने देणाऱ्याचा भार उतरतो, तसा घेणाऱ्याचा माथाही उंचावतो.

५. दिवसापुरता मान्ना

अठराव्या अध्यायाच्या दोनच अध्याय आधी मान्नाची हकिकत आहे. त्या दिवसाचा वाटा त्याच दिवशी गोळा करावा, असा नियम होता (१६:४). ज्यांनी उद्यासाठी साठवून ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. परंतु सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायला सांगितले होते, आणि तो नासला नाही. म्हणजे पूर्वतयारी करू नये असे शास्त्र म्हणत नाही. विसाव्यासाठी केलेली तयारी टिकते, भयापोटी केलेला साठा नासतो.

आणि हा विसाव्याचा दिवस सीनाय पर्वतावर आज्ञा मिळण्यापूर्वीच लोकांना दिला गेला, हे लक्षणीय आहे. चारशे वर्षे मिसरात काढलेल्या, विटांच्या ठरावीक संख्येने मोजल्या गेलेल्या लोकांना देवाने सुरुवातीलाच 'थांबा' हा शब्द शिकवला. गुलामाला थांबता येत नाही. थांबणे हे मुक्त झालेल्या माणसाचे लक्षण होय.

म्हणून आपल्या वहीत एका दिवसाला पेलेल इतकेच लिहावे. तीन महत्त्वाची कामे झाली तर दिवस सार्थकी लागला असे मानावे. उरलेले काम दुसऱ्या तारखेवर लिहावे आणि वही मिटावी. जेवणाच्या वेळी आणि रात्री ठरावीक वेळेनंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. मोशेभोवतीची गर्दी निदान संध्याकाळी पांगत असे, आपल्या खिशातील गर्दी रात्रीही पांगत नाही.

६. घडी पुन्हा विस्कटते तेव्हा

हे सर्व केले की ताण कायमचा जाईल, असे शास्त्र सांगत नाही. गणना ११ मध्ये हाच मोशे पुन्हा भाराखाली दबलेला दिसतो. हे सर्व लोक मला एकट्याला वाहवत नाहीत, त्यापेक्षा मला मरण दे, इथपर्यंत त्याची मजल जाते (११:१४-१५). देव त्याला झिडकारत नाही. सत्तर वडिलांवर आपला आत्मा ठेवून तो पुन्हा तीच वाट दाखवतो : तू एकट्याने वाहू नकोस (११:१७). व्यवस्था एकदा लावून भागत नाही, बदलत्या परिस्थितीत ती पुन्हा लावावी लागते. बाळ जन्माला येते, कोणी आजारी पडते, बदली होते, आणि जुनी घडी अपुरी पडते. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

आणि ज्यांना आज मोशेप्रमाणे जगणेच नकोसे झाले आहे, ज्यांची झोप व भूक आठवडेच्या आठवडे गेली आहे, त्यांना वहीचा आणि वेळापत्रकाचा सल्ला पुरणार नाही. त्यांनी डॉक्टरांना भेटावे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते. हाही देवाने पाठवलेला हातभारच आहे. आणि मंडळीने अशा बंधुभगिनींना "विश्वास ठेवा" एवढेच सांगून परत पाठवू नये. अहरोन व हूर यांनी प्रवचन दिले नाही, त्यांनी धोंडा आणून दिला आणि हात धरले.

७. शांतीने आपापल्या ठिकाणी

इथ्रोच्या सल्ल्याचा शेवट तेविसाव्या वचनात आहे. देव तुला अशी आज्ञा करील तर, असे तो नम्रपणे म्हणतो आणि दोन परिणाम सांगतो. मोशे उभा राहू शकेल, आणि हे सर्व लोक 'शालोम'ने आपापल्या ठिकाणी जातील. ज्या शब्दाने सासऱ्याने व जावयाने एकमेकांचे कुशल विचारले, तोच शब्द आता सर्व लोकांच्या वाट्याला येतो.

व्यवस्थेचा हेतू येथे स्पष्ट होतो. अधिक कामे उरकता यावीत म्हणून शास्त्र आपल्याला नीटनेटके होण्यास शिकवत नाही. तसे असते तर रिकामी झालेली वेळ आपण नव्या कामांनी भरली असती, आणि पुष्कळदा आपण तेच करतो. माणसांनी शांतीने घरी जावे आणि घरी गेल्यावर तेथे कोणीतरी प्रसन्न चेहऱ्याने भेटावे, म्हणून ही व्यवस्था आहे. सिप्पोरा आणि दोन्ही मुले मोशेच्या तंबूत परत आली होती. मोशेने इथ्रोचे ऐकले, असे चोविसावे वचन सांगते. त्या संध्याकाळनंतर त्याला तंबूत लवकर परतता आले असावे, असे मानायला जागा आहे.

मनन व कृती

१. या आठवड्यात आपण एकट्याने वाहिलेली कामे लिहून काढा. त्यांपैकी 'भार' कोणते आणि 'बोजा' कोणता, ते ठरवा.
२. त्यांतील एक काम घरातील किंवा मंडळीतील दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवा. ते तिच्या रीतीने होऊ द्या, मागे उभे राहून दुरुस्त करू नका.
३. आपल्या ओळखीत कोणाचे हात जड झाले आहेत? त्यांच्यासाठी 'धोंडा आणून देणे' म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार करा : एक वेळचा डबा, इस्पितळातील एक रात्र, मुलांचा एका संध्याकाळचा सांभाळ?
४. आपल्या मंडळीत नाताळाची, संडे स्कूलची आणि भेटीगाठींची सर्व जबाबदारी त्याच तीन-चार व्यक्तींवर असते काय? दहांच्या गटाची काळजी घेऊ शकतील अशा पाच नव्या नावांसाठी कार्यकारी समितीने प्रार्थना करावी आणि त्या व्यक्तींना विचारावे.
५. आज रात्री वही मिटल्यावर, उरलेली कामे ज्याला झोप लागत नाही त्या देवाच्या हाती सोपवा आणि दिवा मालवा.